दूध आणायला निघालेले दादा

ताई, मी कोपरखैरण्याला राहतो. वन बीएचके, बायको, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. माझा मोठा भाऊ ४७ वर्षांचा आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. लग्न नाही, नोकरी कधी टिकली नाही. वडील राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि २०११ मध्ये गेले. तेव्हापासून ठाण्याला कोपरीच्या घरात आई आणि दादा दोघंच. फेब्रुवारीत आई गेली. पंधराव्या दिवशी दादाला मी माझ्याकडे घेऊन आलो.

तो तसा शांत आहे, कुणाच्या अंगावर जात नाही. पण दिवसभर झोपून असतो, चार-चार दिवस आंघोळ नाही, रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो. आई सकाळ-संध्याकाळ गोळ्या द्यायची, आता 'माझ्या मी घेतो' म्हणतो. कोपरीला रोज संध्याकाळी सहाला दूध आणायचा, तेवढं एकच काम करायचा. इथे तेही बंद. संध्याकाळी दार उघडून खाली जातो आणि अर्धा-पाऊण तास गेटपाशी नुसता उभा राहतो. सोसायटीतून दोनदा तक्रार आली. मामा म्हणतात, बदलापूरच्या बाजूला मतिमंदांची एक संस्था आहे, तिथे ठेवून टाक. कोपरीचं घर आईच्या नावावर आहे, मृत्युपत्र नाही. ते विकून दादाचा खर्च भागवावा असं डोक्यात आहे. एजंट म्हणतो, आधी त्याच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या. बायको बोलत काही नाही, पण तिची झोप उडाली आहे. दादाला कुठे ठेवता येईल? चांगली जागा सांगा, पैसे भरायची तयारी आहे. हे लिहितानाही अपराध्यासारखं वाटतंय.

एक भाऊ, कोपरखैरणे

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पेन्सिलने एकमेकांना जोडली. कोपरीला दादा संध्याकाळी सहाला दूध आणायचे, हे एक. इथे ते संध्याकाळी खाली उतरून गेटपाशी उभे राहतात, हे दुसरं. मला वाटतं, ते अजूनही दूध आणायलाच निघतात. गेटपर्यंत पोचतात, आणि पुढे डेअरी डाव्या हाताला की उजव्या हाताला, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. मग थांबतात, थोड्या वेळाने वर येतात. मी तुमच्या घरी आलेले नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही. पण एवढी वर्षं या आजाराच्या कुटुंबांबरोबर काढल्यावर असं उभं राहणं मी पाहिलेलं आहे.

पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांमध्ये आजाराशी झुंजणाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. फेब्रुवारीपर्यंत शुभंकर तुमच्या आई होत्या, आता तुम्ही दोघं नवरा-बायको आहात. ही जबाबदारी तुमच्यावर पंधरा दिवसांत येऊन पडली, कुणी काही शिकवलं नाही, कुणी काही सोपवलं नाही. जागा शोधावीशी वाटण्यात अपराध नाही. थकलेल्या माणसाला आधी तेच सुचतं.

आता जरा दादांच्या बाजूने बघा. आई गेली. पाठोपाठ घर गेलं, गल्ली गेली, ओळखीचा दूधवाला गेला, स्वतःची खोली गेली. दिवसकार्याला माणसं तुमचं सांत्वन करायला आली असतील. दादांच्या शेजारी कोण बसलं होतं? स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला दुःख होत नाही, असा एक विचित्र समज आपल्याकडे आहे, कारण चेहऱ्यावर ते दिसत नाही. चेहरा कोरा पडणं हा आजाराचाच भाग आहे. आत काय चाललंय याचा त्यावरून अंदाज बांधू नये.

तेच आळसाचं. भास होणं, संशय येणं ही आजाराची लक्षणं सगळ्यांना ठाऊक असतात, औषधाने ती बऱ्यापैकी आटोक्यातही येतात. दुसरी लक्षणं मात्र हळूहळू माणसाला पोखरतात: कशातच मन न लागणं, बोलणं आटणं, उठून काही सुरू करायची ताकदच नसणं. त्यांच्यावर गोळ्यांचा तितकासा परिणाम होत नाही. घरच्यांना ती लक्षणं वाटतच नाहीत. 'सगळं कळतं, पण करत नाही' असंच म्हटलं जातं. त्यात औषधांची सुस्ती, त्यात आईचं जाणं. चार दिवस आंघोळ न करण्यामागे यातलं काय किती, हे सांगणं कठीण आहे. आळस मात्र नाही.

आमच्या गटात एक निवृत्त गृहस्थ यायचे. मुलाच्या आंघोळीवरून घरात दोन वर्षं रोज भांडण. सकाळी सातपासून सुरू: ऊठ, किती लोळशील, दात घास, वास येतोय, लोक काय म्हणतील. गटात कुणीतरी त्यांना सुचवलं की बोलणं थांबवून बघा. त्यांनी बादलीत गरम पाणी काढून ठेवलं, खुंटीला टॉवेल आणि धुतलेला सदरा अडकवला, मुलाच्या दाराशी जाऊन 'पाणी काढलंय' एवढे दोन शब्द म्हणाले आणि गॅलरीत पेपर घेऊन बसले. पहिले तीन दिवस पाणी थंड झालं. चौथ्या दिवशी बाथरूमचं दार लागलं. ते सांगताना त्या गृहस्थांचा आवाज कापत होता. सारखी टीका, सारखी टोचणी ज्या घरात असते तिथे आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तुम्ही ओरडता असं मी म्हणत नाही. पण एका वेळी एकच गोष्ट, कमी शब्दांत, एवढं घरात सगळ्यांनी ठरवून घ्या.

पण सगळ्यात आधी गोळ्या. यात एक आठवडाही घालवू नका. तीन-चार महिने गोळ्या कोण मोजतंय, हे पत्रात कुठे नाही. कोपरीला असताना ज्या डॉक्टरांचं औषध चालू होतं त्यांच्याकडेच दादांना घेऊन जा. जुनी फाइल, आईची काही वही असेल तर ती, आणि शिल्लक पाकिटं सगळी बरोबर न्या. पाकिटांवरून गोळ्या घेतल्या की नाही ते कळतं. रात्रीच्या येरझाऱ्या आवर्जून सांगा. गोळ्या सुटल्यामुळे झोप उडते हे खरं, पण यातल्या काही औषधांनी पाय स्वस्थ न राहण्याचा त्रासही होतो, माणूस बसूच शकत नाही. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे आणि तो डॉक्टरच ठरवतील. गोळी रोज घेणं जमत नसेल तर महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय दादांसाठी योग्य आहे का, तेही विचारा. साखर, कोलेस्टेरॉल आणि वजन तपासून घ्या. या औषधांवर असलेल्या माणसांची ही तपासणी हमखास राहून जाते. आणि चहात किंवा आमटीत गोळी कुटून घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एकदा कळलं की दादा तुमच्या हातचं जेवणार नाहीत.

खासगी डॉक्टर परवडेनासे झाले तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. नावाला घाबरू नका, तिथे रोज बसने, रिक्षाने येऊन तपासून, औषध घेऊन घरी परत जाणारी माणसं असतात. आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि फोन आजारी माणसानेच करावा असं नाही. तुमच्या पत्नीनेही करावा. तिचं न बोलणं मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं.

मामांच्या सूचनेबद्दल. मतिमंदत्व, ज्याला आता बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतात, आणि मानसिक आजार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व जन्मापासून किंवा लहानपणीच असतं, शिकण्या-समजण्याचा वेग त्यात कमी असतो. दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेले होते. त्यांची बुद्धी कुठेही गेलेली नाही. दोघांना लागणारी मदत वेगळी, शिक्षक वेगळे, संस्थाही वेगळ्या. नवी मुंबईत खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. दिव्यांग मुलांच्या पालकांनी तिथे जरूर जावं. पण दादांची गरज ती नव्हे. त्यांना लहान मुलांच्या खेळण्यांसमोर बसवलं तर ते आणखी मिटतील.

आता 'ठेवण्या'बद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. त्याचं कलम १९ सांगतं की मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क आहे, आणि केवळ कुटुंब नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा जवळपास सोय नाही एवढ्याच कारणासाठी कुणालाही मानसिक आरोग्य संस्थेत अडकवून ठेवायचं नाही. तो मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ओळखीचे कितीतरी चेहरे आठवले. औषधाने बरे झालेले, पिशवी भरून तयार असलेले, आणि घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा निघाल्यामुळे वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले. तुम्ही तसे नाही, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत. म्हणूनच मला वाटतं, ठेवण्याची जागा शोधायच्या आधी दादांचा दिवस भरेल अशी जागा शोधा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माणूस कुठे जातो, कुणाशी बोलतो, हाताने काय करतो, हे सुटलं की रात्रीचा प्रश्न निम्मा होतो.

तशी जागा तुमच्यापासून गाडीने पाच स्टेशनांवर आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, सगळे तिला आयपीएच म्हणतात. तिथे त्रिदल नावाचा गट स्किझोफ्रेनियासारख्या लांबलेल्या आजारांच्या शुभार्थींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतो. वार, वेळ, फी सगळं आधी फोनवर विचारून घ्या. अशा गटांत काय चालतं? काही भव्य नसतं. माणसं ठरल्या वेळी येतात, एकत्र चहा घेतात, कुणी गाणं म्हणतं, कुणी हातकाम करतं, दिवाळीच्या आधी पाकिटं भरतात, कुणी हिशेब लिहितं. ज्या माणसाला वीस वर्षांत कुणी 'आज का आला नाहीत?' असं विचारलेलं नसतं, त्याला ते विचारलं जातं. पहिल्या दिवशी दादा दारातून परत फिरतील. दुसऱ्या खेपेला कदाचित कोपऱ्यात बसतील. तीन महिने धीर धरा. शुभंकरांच्या बैठकीला मात्र तुम्ही आणि पत्नी दादांची वाट न बघता जायला लागा. तुमच्याच परिस्थितीतली माणसं तुम्हाला जे सांगतील ते मी या सदरातून सांगू शकत नाही.

जाण्या-येण्याचीही काळजी वाटेल. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. पहिले काही दिवस बरोबर जा, मग गाडीत बसवून द्या आणि तिकडे कुणी उतरवून घ्यायला ठेवा, मग एकटं. तिकीट काढणं, डबा ओळखणं, गर्दीत उभं राहणं, हे सगळं उपचारच आहे. शिवाय ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्याला ९-१० नंबरला लागते. तिथून पूर्वेला बाहेर पडलं की कोपरी. दादांचे पाय तो रस्ता आपोआप ओळखतील.

म्हणून घराबद्दल मला जरा ठामपणे बोलायचं आहे. कोपरीचं घर विकायची घाई करू नका. आणि हक्कसोडपत्र तर अजिबात करून घेऊ नका. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसताना आईच्या घरात मुलांचा सारखा हिस्सा असतो. तुम्ही दोघंच असाल तर अर्धं घर आज दादांचं आहे. निदान झालं म्हणून माणूस कायद्याने वेडा ठरत नाही, २०१७ चाच कायदा ते स्पष्ट सांगतो. पण आई जाऊन चार महिने झालेत, औषधं घेतली जात आहेत की नाही कुणाला माहीत नाही, राहण्या-जेवण्यासाठी ते तुमच्यावर अवलंबून आहेत, अशा वेळी घेतलेली सही उद्या कोर्टातही टिकणं कठीण, आणि तुमच्या स्वतःच्या मनातही. एजंटला व्यवहार हवा आहे. त्याला नाही म्हणा. ठाणे न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वारस नोंद, दादांचा हिस्सा सुरक्षित कसा ठेवायचा, तुमच्या पश्चात काय, हे त्यांना विचारा.

पालकत्वाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे हेलपाटे वाचतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, असं कुणीतरी सांगेलच. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, आणि तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. दादांच्या बाबतीत सोपा आणि लगेच करता येणारा मार्ग वेगळा आहे. उपचारांबाबत आपल्या वतीने कुणी बोलावं, हे ते स्वतः साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतात. त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो कागद ते बरे असताना व्हायला हवा. दादांनी तुमचं नाव लिहिलं तर उद्या भरती करायची वेळ आली तरी धावपळ कमी होईल. त्यांनी दुसऱ्या कुणाचं लिहिलं तर तेही मान्य करा.

पैशांबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. वडील राज्य सरकारी नोकर होते, त्यांच्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार. ते आई गेल्यावर बंद झालं असं तुम्ही धरून चाललेला दिसता. मानसिक किंवा शारीरिक विकलांगतेमुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन पुढे सुरू राहण्याची तरतूद राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आजार केव्हा सुरू झाला हा प्रश्न हमखास येणार. दादांचं निदान वडील हयात असतानाच झालं होतं, म्हणून त्या काळचे केसपेपर, जुनी प्रिस्क्रिप्शन्स सोन्यासारखी जपा. कोपरीच्या घरात आईच्या कपाटात, बहुतेक साड्यांच्या खाली, ती सापडतील. आयांनी असे कागद ठेवायची ती ठरलेली जागा आहे. घर रिकामं करताना रद्दीत गेली की संपलं.

या सगळ्याला दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे. बहुतेक सवलतींसाठी निदान ४० टक्के लागतात. अर्ज ऑनलाइन करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. मानसिक आजारात आयडियाज नावाची पद्धत वापरतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम. या चार गोष्टी आणि आजार किती वर्षांचा, यावर गुण ठरतात. इथे घरचे लोक एक चूक करतात. इतकी वर्षं झाकायची सवय असते, म्हणून डॉक्टरांसमोरही 'तसा सगळं करतो हो' असं निघून जातं. आई असताना कोण काय करायचं, आज आठवण न करता दादा स्वतः काय काय करतात, हे जसं आहे तसं सांगा. वाढवूनही नको. दादांना आधी समजावून मगच न्या. 'अपंगाचा दाखला' हे शब्द त्यांना लागू शकतात. 'तुझ्या नावाने काही मिळावं म्हणून हा कागद आहे,' असं त्यांना सरळ सांगा.

कार्ड हातात आल्यावर बाकीच्या गोष्टी भराभर होतात. अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी, तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर, ७५ हजारांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. महापालिकांना बजेटचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, तेव्हा नवी मुंबई महापालिकेच्या समाजविकास विभागात कुठल्या योजना चालू आहेत ते विचारा.

पुन्हा घराकडे येते. तुमच्या वन बीएचकेत दहावीची मुलगी अभ्यासाला कुठे बसते? रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या चालू असताना ती पाणी प्यायला उठते का? हे मी तुम्हाला दोष द्यायला विचारत नाही. पाच माणसं या जागेत वर्षानुवर्षं राहू शकणार नाहीत, हे मलाही दिसतं. पण त्याला उत्तर बदलापूरच आहे का? गोळ्या मार्गी लागल्या, गट सुरू झाला, की सहा-आठ महिन्यांनी दादा कोपरीच्या घरातच राहू शकतील का, हे डॉक्टर आणि गटातल्या समाजकार्यकर्त्यांबरोबर बसून बघा. एकटे सोडून देऊन नव्हे, आधार बांधून. दोन वेळचा डबा, रोज एक बाई येऊन झाडू-भांडी करतील, शेजारच्या एका घराकडे किल्ली आणि तुमचा नंबर, सकाळ-संध्याकाळ गोळीच्या वेळी तुमचा फोन, शनिवार-रविवार तुमच्याकडे मुक्काम. झोप कमी होणं, जेवण टाळणं, दार न उघडणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. काही जणांना हे जमतं, काहींना नाही जमत. दादांना जमणार नाही असं अजून कुणी ठरवलेलं नाही. घर विकलं तर मात्र ते कायमचं ठरेल.

आणि नाहीच जमलं, निवासी संस्था बघायची वेळ आली, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी बघा. न कळवता दुपारच्या वेळी जा. राहणारी माणसं त्या वेळी काय करत आहेत ते पाहा. सगळे अंथरुणात असतील तर परत या. फोन करू देतात का, बाहेर नेतात का, डॉक्टर किती दिवसांनी येतात, घरी सुट्टीला पाठवतात का, हे विचारा. साखळी, दोर, बाहेरून कडी, यातलं काही दिसलं तर तिथे पाच मिनिटंही थांबू नका. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला अशाच एका ठिकाणी आग लागली आणि साखळीने बांधलेल्या माणसांना पळताही आलं नाही, २८ जण गेले. साखळी आज कायद्याने पूर्णपणे बंद आहे. आयुष्यभराची रक्कम एकदम भरा, मग यायची गरज नाही, असं जिथे सांगतील तिथे तर दादांना नेऊच नका.

सोसायटीचं थोडक्यात सांगते. सेक्रेटरींकडे तुम्ही स्वतः जा, तक्रार येण्याची वाट बघू नका. 'माझे मोठे भाऊ आहेत, आजार आहे, उपचार चालू आहेत, आई नुकतीच गेली, कुणाला त्रास देत नाहीत, काही वाटलं तर मला फोन करा.' माफी मागायची नाही. वॉचमनशी दादांची ओळख करून द्या, नावाने. या आजाराची माणसं दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा दुसऱ्यांकडून त्रास सोसण्याची शक्यता जास्त असते, हे तुम्हाला ठाऊक असलं तर बोलताना आवाज खाली जाणार नाही.

मुलांनाही सांगा. काकांना मेंदूचा एक आजार आहे, कधीकधी त्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, त्यासाठी औषध आहे, आणि यात कुणाची चूक नाही. मुलगी मोठी आहे, तिला तिचे प्रश्न विचारू द्या. आणि पत्नीला एक संध्याकाळ, दर आठवड्याला, पूर्ण मोकळी. ती कुठे जाते हे विचारू नका.

उद्या सहाला दादांच्या हातात पैसे आणि कापडी पिशवी द्या. तुम्ही बरोबर खाली उतरा आणि डेअरीचा रस्ता दाखवा. दोन-तीन दिवस बरोबर जा. दूध आधीच आणलेलं असलं तरी जा, दह्याला लावता येईल.

आणि रविवारी दोघं गाडीने कोपरीला जा. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मामा काय म्हणतात, एजंट काय म्हणतो, सोसायटी काय म्हणते, हे सगळं आहे. दादांना कुठे राहायचं आहे, ते नाही. त्यांना ते विचारा. घरी समोर बसवून नको, त्याने त्यांना चौकशी झाल्यासारखं वाटेल. गाडीत शेजारी बसा, दोघंही खिडकीबाहेर बघत असताना विचारा. लगेच उत्तर येणार नाही. प्रश्न पुन्हा विचारू नका, ठाणे येईपर्यंत थांबा.